डुक्कर फियाटचं सीमोल्लंघन

फुलझाडं लावायची म्हणे माझ्या बापाच्या गाडीत! बॉनेट काढून टाकायचं, इंजिन उपटून भंगारात घालायचं, त्या खड्ड्यात माती भरायची अन् वर झेंडू लावायचा. नागझिऱ्याच्या रस्त्यावरच्या कोण्या रिसॉर्टवाल्याने ही अक्कल काढली होती, अन् माझा सख्खा भाऊ भूषण मले चहा पिता पिता हे सांगून राहिला होता. वाघ पाहाले येणारे लोक गाडीपाशी उभे राहून फोटो काढतील, म्हणे. बाबाचं नाव होईल, म्हणे. मी हातातला कप खाली ठेवून दिला, नाहीतर फेकूनच मारला असता.

आमचं घर सानगडीतलं, विणकरांचं. बाबा, म्हणजे खेमराज, मागावर लुगडी विणे अन् स्वतःच बाजारोबाजार नेऊन विके. त्यासाठीच त्याने तरुणपणी कोणाकडून तरी जुनी फियाट घेतली. पुढून गोल, नाक वर काढलेलं, म्हणून सगळे तिले डुक्कर फियाट म्हणत. बाबाले त्याचा राग येत नसे. तुमसर, भंडारा, गोंदिया, सगळे बाजार तिने पाहिले. पुढे गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा बाबा चेष्टेने म्हणे, आता माझी डुकरीण परजिल्ह्यात जाऊन येते.

नवरा गेला तशी मी माहेरी परत आली अन् इथलीच झाली. भूषण माझ्याहून लहान, नागपूरले नोकरीले. त्याले गाडीत बसणं माहीत, गाडीत हात घालणं नाही. गाडीचं सगळं काम बाबा अन् मी करत होतो. म्हणजे कसं, तर बाबा सीटवर बसून चाबी फिरवे अन् मी पुढे बॉनेटात डोकं घालून उभी. ठिणगी पाडणारे पॉइंट घासायचे मी, प्लग काढून पुसायचे मी, रेडिएटरचं गरम पानी अंगावर घ्यायचं मी. बाबा आतून ओरडे, "शोभा, पाहून घे, ठिणगी येते का?" ठिणगी येते का ते मले बोटाने कळे, झटका बसे तेव्हा.

पण त्या सीटवर बाबाने मले कधी बसवलं नाही. बसू नको असंही कधी म्हटलं नाही, तो फक्त उठला नाही. अन् मले त्याचं नवल वाटलं नाही, कारण आमच्या घरात मागाचंही तसंच होतं. सुताच्या कांड्या भरायच्या बायकांनी, ताण्याचे तुटलेले तार जोडायचे बायकांनी, डोळे फोडून घ्यायचे बायकांनी, अन् मागावर बसायचं गड्यांनी. मग लुगडं कोणाचं? खेमराजचं. कांड्या कोणी भरल्या हे भर बाजारात कोणी एकानेही कधी विचारलं नाही. आता सांगताना माझ्या डोक्यात जाळ होतो, पण तेव्हा मी मुकाट्याने कांड्या भरत होती.

दसऱ्याले आमच्या घरची एक रीत होती. सकाळी मागाची, त्यात धावणाऱ्या धोट्याची, गाडीची पूजा, अन् दुपार कलली की सोनं लुटाच्या आधी गाडी गावची शीव ओलांडून न्यायची. आजोबा बैलांची दमणी नेत, बाबाने गाडी न्यायले सुरुवात केली. साकोलीच्या रस्त्याले शिवेचा शेंदूर लावलेला दगड आहे, त्याच्या पलीकडे चाकं गेली पाहिजेत. जो नेईल, वर्षभर गाडी त्याच्या हाती. गाव मागं मागं येई. अंथरुणाले खिळेपर्यंत बाबा सुतक सोडून एकाही दसऱ्याले चुकला नाही.

बाबाच्या वर्षश्राद्धाले सगळी भावकी जेवत बसली असताना मी भूषणले भर पंगतीत धरलं. म्हटलं, गाडी जाणार नाही, तिच्या एकेका नटाले माझा हात लागला आहे. भूषण लोकांसमोर मोठा समजूतदार. हसून म्हणाला, "बरं ताई, तुझंही राहू दे. दसऱ्याले गाडीने शीव ओलांडली तर जो नेईल त्याची. नाही ओलांडली तर दुसऱ्या दिवशी रिसॉर्टचा ट्रक येईल." सगळ्यांनी माना हलवल्या. त्याले माहीत होतं ना, गाडी चालू होणार नाही! म्हणूनच जीभ एवढी सैल सुटली होती.

गाडीची दशा खरंच वाईट होती. बाबा अंथरुणाले खिळला तेव्हापासून ती शेडमध्ये उभी. मधल्या काळात भूषणने आमचं शेत वाट्याने करणाऱ्या बटईवाल्याले शेडमध्ये धानाची पोती ठेवू दिली, मले न विचारता. धान आलं तसे उंदीर आले, अन् धान गेलं तरी उंदीर राहिले. मी बॉनेट उघडून पाहते तर डिस्ट्रिब्युटरच्या वायरी कुरतडून त्यांचा भुसा केलेला. चार प्लगांच्या चारही वायरी, अन् कॉईलकडून येणारी मधली पण.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय, तर पंगतीतला वाढपी समजा. कॉईलकडून आलेली ठिणगी त्याच्या हाती येते अन् तो ती चार प्लगांना पाळीपाळीने वाढतो. पण हा वाढपी सरळ रांगेने जात नाही. पहिल्याले वाढलं की तिसऱ्याले, मग चौथ्याले, मग दुसऱ्याले. वायरी त्याच क्रमाने लागल्या पाहिजेत. एकाचं ताट दुसऱ्यापुढे गेलं की इंजिन उपाशीच उठतं.

नव्या वायरी मी नागपूरहून मागवल्या. बॅटरी साकोलीहून चार्ज करून आणली. प्लग काढून घासले, पॉइंट साफ केले. डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीवरचा वर्षानुवर्षांचा थर घासला तर तिच्या भोकांजवळ बाबाने पांढऱ्या रंगाने ठिपके दिलेले सापडले, एकापाशी एक ठिपका, दुसऱ्यापाशी दोन, असे चार पावेतो. फिरत्या दिशेने मोजले तर एक, तीन, चार, दोन. बिल्कुल बरोबर. मले बरं वाटलं. म्हटलं चला, बापाने पोरीसाठी काहीतरी ठेवलं.

पहिला प्लग कोणता हे मी साकोलीच्या सेवकराम मिस्त्रीले विचारलं. त्याचा धंदा ट्रॅक्टरचा अन् मोटारसायकलींचा, पण माणूस जाणता. तो म्हणाला, कोणत्याही गाडीचा पहिला नंबर रेडिएटरच्या बाजूने मोजतात. मीही तसंच धरून होती. आयुष्यभर मी रेडिएटरपाशीच उभी राहिली, मले जवळचा तो पहिला. तशा वायरी लावल्या, दाबून बसवल्या अन् टोपीचे चाप लावले.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. भूषण नवा कुडता घालून नागपूरहून आला होता, सोबत त्याची बायको कीर्ती. गाडीले हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. दुपार कलली तसा भूषण सीटवर बसला, अर्थात तोच बसला. मी बॉनेटपाशी. त्याने स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, अन् मग कार्बोरेटरमधून असा फटाका उडाला की माझ्या भुवयांचे केस जळाले. पुन्हा मारला, पुन्हा फटाका. शेडबाहेर उभे असलेले लोक आधी दचकले अन् मग हसले. दसऱ्यालेच दिवाळी करून राहिली शोभाताई, असं कोणीतरी म्हणालं.

सेवकराम सोनं द्याले आला होता, त्यानेही डोकं घालून पाहिलं. वायरींचा क्रम बोटाने मोजला अन् म्हणाला, क्रमात काही खोट नाही. मग मान हलवून बोलला, व्हॉल्व्ह जळले असतील ताई, इंजिन बसलं. त्याचा काही दोष नाही, त्याले जे दिसलं ते त्याने सांगितलं. पण भूषणचा चेहरा असा खुलला! त्याने तिथेच फोन काढला अन् रिसॉर्टवाल्याले सांगितलं, उद्या सकाळी ट्रक पाठवा.

मी म्हटलं, अजून दसरा सरला नाही. सूर्य बुडेपर्यंत थांब.

तेव्हा तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आवाज गोड, जशी मी लहान पोट्टी आहे. "ताई, बाबाच्या हातात कला होती, म्हणून गाडी चालत होती. तू आपली त्याच्या हाताखाली होती. आता कायले जिवाले त्रास करून घेते?"

हाताखाली! अरे, ज्या हाताने तू स्टार्टर मारला त्या हाताले डिस्ट्रिब्युटर कोणत्या बाजूले आहे हे तरी माहीत आहे का? बाबाच्या हातात कला होती. बाबाच्या हातात स्टेअरिंग होतं, बाकी सगळं माझ्या हातात होतं. हे मी त्याले म्हणायले पाहिजे होतं. पण तोवर तो लोकांना घेऊन चहाले निघून गेला.

शेडमध्ये मी एकटी राहिली. काय करावं सुचेना म्हणून मी गाडीचं दार उघडलं अन् धाडकन सीटवर बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. दार ओढून घेतलं अन् रडली. बाबाच्या आठवणीने नाही, साफ संतापाने रडली.

सीट बाबाच्या अंगाने खचली होती. बसलं की माणूस आत खाली जाई, पाय पुढे खड्ड्यात, हात पुढे. खड्ड्याच्या मागावर बसतात ना, अगदी तसं. माझ्या डोळ्यापुढे बाबा मागावर बसलेला आला. काठाचे तार मोजताना तो नेहमी स्वतःकडून मोजे. त्याच्या जवळचा तो पहिला, लांबचा तो शेवटचा. मी समोरून तार जोडत असली की माझा पहिला त्याचा शेवटचा होई, अन् तो वैतागे. म्हणे, शोभा, मागावर बसणाऱ्याकडून मोजत जा, तुझ्याकडून नाही. कितीदा ऐकलं असेल मी हे. पंगतीत पत्रावळी मोजायच्या तरी तो स्वतःच्या पत्रावळीपासून सुरू करे.

अन् मग मले कळलं. मी डोळे पुसले अन् समोर पाहिलं, उघड्या बॉनेटची पाठ तेवढी दिसत होती. हा माणूस गाडीतही बसणाऱ्याकडूनच मोजणार! त्याचा पहिला प्लग त्याच्या पायाजवळचा, कंपनीचा चौथा. कंपनीचा पहिला तो त्याच्या लेखी चौथा. एक ठिपका म्हणजे पायाजवळचा. ठिपक्यांचा क्रम बरोबर दिसत होता, कारण उलट्या बाजूने मोजलं तरी एक, तीन, चार, दोन तसंच येतं. वाढपी बरोबर क्रमाने वाढत होता, फक्त पंगत उलट्या टोकाने बसली होती. म्हणून ठिणगी नको त्या वेळी पडून फटाके फुटत होते. व्हॉल्व्ह बिचारे धड होते.

मले आनंद व्हायले पाहिजे होता. झाला नाही. मले बापाचाच असा राग आला की स्टेअरिंगवर मूठ आपटली. इतकी वर्षं मी तिथे पुढे उभी राहिली, नखातलं काळं कधी निघालं नाही, अन् तू एकदा म्हटलं नाही की शोभा, ये, इथे बसून पाहा. एकदा बसवलं असतं तर मले हे आजच्या आधी कळलं असतं. तुले वाटलंच नाही की तू उठल्यावर त्या जागी मीही बसेन. मग ठिपके तरी कोणासाठी दिले होते, बाबा? स्वतःसाठीच ना.

मी उतरली. टोकाच्या दोन वायरी काढून एकमेकींच्या जागी लावल्या, मधल्या दोन एकमेकींच्या जागी. एवढंच काम. चाप तपासले, मधली वायर दाबली, बॉनेट खाली आपटलं. मग चाबी फिरवाले कोणी नव्हतं, म्हणून मीच सीटवर बसली. चोक ओढला अन् स्टार्टर मारला. गाडी एकदा खोकली, अन् लागली. आधी थरथरत, मग चारही सिलिंडर धरून, तोच जुना घर्रघर्र आवाज, जो ऐकून माझी आई चुलीवर चहा ठेवी.

आवाज ऐकून सगळे धावत आले. भूषण सर्वांत पुढे, हातात चहाचा गिलास तसाच. चेहऱ्यावर असा आनंद की जशी त्यानेच लावली. त्याने दार उघडलं, माझ्या खांद्याले हात लावला अन् म्हणाला, "वा ताई, कमाल केली. सरक आता, मी घेतो."

सरक. एवढं सहज. त्याले वाटलंच नाही की यात विचारायसारखं काही आहे. मी कांडी भरून दिली, आता तो मागावर बसणार.

मी म्हटलं, "नाही."

त्याले ऐकू गेलं नाही की समजलं नाही, कोण जाणे. त्याने पुन्हा हात पुढे केला. मी दार ओढून घेतलं, त्याची बोटं थोडक्यात वाचली. तो काचेतून म्हणाला, तुले चालवता येते का? खरं उत्तर मलेही माहीत नव्हतं. क्लच कुठे अन् ब्रेक कुठे ते मले माहीत होतं, दोन्ही मीच तेल घालून सैल केले होते. बाबाचा पाय कसा उठे, हात स्टेअरिंगजवळचा दांडा कसा ओढे, हे मी बॉनेटच्या फटीतून जन्मभर पाहिलं होतं. मी पहिला गिअर टाकला अन् क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली, लिंबाचा चेंदा केला अन् शेडबाहेर आली. कीर्तीने धावत जाऊन फाटक उघडलं. भूषणने तिच्याकडे असं पाहिलं, पण तिने फाटक पुरं उघडलं.

मी पहिल्या गिअरमध्येच राहिली. इंजिन किंचाळून राहिलं होतं अन् गाडी म्हशीच्या चालीने चालली होती. गाव दोन्ही बाजूंनी चालत होतं, आपट्याची पानं हातात. पोट्टे हसत होते. भूषण खिडकी धरून बाजूने चालत होता अन् दर दोन पावलांवर सांगत होता, ताई, लोक हसून राहिले, ताई, घराची लाज जाते. मी म्हटलं, जाऊ दे. नजर मी समोरच ठेवली. सेवकराम रस्त्यात उभा होता, त्याने आधी इंजिनाचा आवाज ऐकला, मग माझ्याकडे पाहिलं अन् बाजूले होऊन पुढची माणसं हटवायले लागला.

शिवेचा दगड आला. पुढची चाकं गेली, मागची गेली. मी ब्रेक दाबला, क्लच दाबून धरला, इंजिन चालूच ठेवलं. कोणीतरी खिडकीतून सोनं माझ्या मांडीवर टाकलं. बाबाच्या जागी बसून मिळालेलं ते माझं पहिलं सोनं, अन् मले इतकं भरून आलं की क्षणभर रस्ता दिसेना.

भूषण दारापाशी आला, दम लागलेला, कपाळाले घाम. "झालं ना ताई तुझं? उतर आता. मी फिरवून घरी आणतो."

"जो नेईल त्याची," मी म्हटलं. "तू भर पंगतीत म्हणाला होता."

त्याने आजूबाजूले पाहिलं. सगळे ऐकत होते. आवाज खाली करून तो म्हणाला, "अवो, पण मी घरच्या गड्यांबद्दल बोललो होतो. तुझा विचार कोणी केला होता?"

अन् यात त्याची काही लबाडी नव्हती हो, तेच मले जास्त लागलं. तो खरं बोलून राहिला होता. त्याने केला नव्हता, बाबाने केला नव्हता, त्या पंगतीत माना हलवणाऱ्यांपैकी एकानेही केला नव्हता. अन् मी स्वतः, मीसुद्धा वायरी लावताना भूषण चालवेल असंच धरून होती. मले रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. डोकं एकदम थंड झालं.

पलीकडचं दार उघडलं. कीर्ती पदर सावरत आत येऊन बसली, माझ्या बाजूच्या सीटवर. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. हातातली पानं समोर काचेपाशी ठेवली अन् दार लावून घेतलं.

"मले फिरवू देत नाही ना," भूषण दोघींकडे पाहत म्हणाला, "मग फिरवा. वळवा गाडी, घरी चला."

"मले रिव्हर्स येत नाही, भूषण," मी म्हटलं. "बाजूले हो."

तो बाजूले झाला. मी दांडा ओढून दुसरा गिअर टाकला अन् आम्ही साकोलीच्या रस्त्याले लागलो.